मावशीने न वाचलेलं वाक्य

माझी मावशी बसस्थानकावर निवेदिका होती. कुठली बस कुठल्या फलाटावर लागली, कुठली रखडली, कुणाचं पोर हरवलं आणि कुणाचं सापडलं, हे ती वीसेक वर्षं माइकवरून सांगत आली. घरात तिचं नाव भोंगा. माइक नसतानाही तिचं बोलणं तिसऱ्या घरात ऐकू जायचं. माइकसमोर बसली की मात्र तोच आवाज इतका संथ आणि स्वच्छ व्हायचा की आम्हाला खरं वाटायचं नाही. बाबा म्हणायचे, "ताई, स्वयंपाकघरातही एक माइक बसवून घेऊ. निदान हळू तरी बोलाल."

मावशी आईची थोरली बहीण. लग्न केलं नव्हतं, आमच्याकडेच राहायची. बाबांचं चष्म्यांचं दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. दुपारी जेवायला घरी यायचे आणि सहा नंबरच्या फलाटावरून बस पकडून परत दुकानात जायचे. मावशीचं आणि त्यांचं रोज एकदा तरी वाजायचं. टीव्हीचा आवाज, पंख्याचा वेग, वर्तमानपत्राचं मधलं पान, काहीही चालायचं. एखाद्या दिवशी भांडण झालं नाही तर आई विचारायची, "दोघांपैकी कोण आजारी आहे?"

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. एका साध्यासुध्या दुपारी सहा नंबरच्या फलाटावर, बाकाखाली ठेवलेल्या पिशवीत बॉम्ब फुटला.

निवेदनाची खोली पहिल्या मजल्यावर होती. समोर मोठी काच, खाली सगळे फलाट. ती काच मावशीच्या अंगावर आली आणि कपाळ फुटलं. खाली धूर. दुसराही बॉम्ब आहे अशी आरोळी उठली आणि सगळी गर्दी एकदम मोठ्या फाटकाकडे धावली. फाटकाचं एक दार बंद होतं. माणसं माणसांवर पडायला लागली. मावशीला वरून दिसत होतं, की मागे, जिथे गाड्या धुतात, तिथलं रुंद फाटक सताड उघडं आहे आणि तिकडे कुणाचंच लक्ष नाही. वीज गेली होती, पण माइक बॅटरीवर चालत होता.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," मावशी म्हणाली. "मोठ्या फाटकाकडे जाऊ नका. मागे, गाड्या धुतात तिथलं फाटक उघडं आहे. धावू नका. शेजारच्या माणसाचा हात धरा आणि चालत जा."

हेच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. जशी रोज पाच वाजताच्या बसची सूचना द्यायची, अगदी तशीच. लोक थबकले, वळले, हात धरून चालायला लागले. आगारप्रमुख तिला खाली न्यायला धापा टाकत जिना चढून आले, तर ती म्हणाली, "खाली अजून माणसं आहेत. तुम्ही व्हा पुढे."

अकरा माणसं गेली. त्यांत बाबा होते.

मावशीला हे इस्पितळात, कपाळाला टाके घातल्यावर कळलं. बाहेरच्या बाकावर आई बसली होती. मावशी तिच्या शेजारी बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा इतकी हळू बोलली की मला पुढे वाकावं लागलं. "सहा नंबर मला धुरात दिसतच नव्हता गं," ती म्हणाली. आईने तिचा हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

स्थानक पुन्हा उघडायचं ठरलं तेव्हा बरेच लोक म्हणाले, इतक्यात नको. कर्मचाऱ्यांना महिनाभराची रजा देऊ केली होती. मावशी पहिल्याच सकाळी साडी नेसून, कपाळाची पट्टी नीट करून दारात उभी राहिली. आई तिच्या आडवी आली.

"ताई, तू गेलीच पाहिजेस का?"

"गाड्या सुटणार आहेत. कुठून सुटतात ते कुणी सांगायचं?"

"सांगेल कोणीतरी."

"त्या बॉम्ब ठेवणाऱ्याला काय हवंय ठाऊक आहे? मी इथे पलंगावर चादर ओढून बसावं. मेला बसला असेल वाट बघत. बसू दे."

आणि ती गेली. फुटक्या काचेच्या जागी पुठ्ठा लावला होता. तिने तो काढायला लावला. काच येईपर्यंत उघड्या खिडकीतून वारा खात बसली, पण खाली बघितल्याशिवाय सूचना देणार नाही म्हणाली.

वर्तमानपत्रांनी तिचे फोटो छापले. 'धुरातला आवाज' वगैरे मथळे आले. त्यामुळेच सुरक्षा खात्याचे एक साहेब खास तिला भेटायला आले. बरोबर टाइप केलेला कागद. नवी सूचना होती, दर दहा मिनिटांनी वाचायची. बेवारस पिशवीला हात लावू नका, सामान सोडून जाऊ नका, शंका आल्यास पोलिसांना सांगा. इथवर ठीक होतं. शेवटचं वाक्य असं होतं: 'नदीपलीकडची भाषा बोलणारी व्यक्ती आढळल्यास तिच्यावर लक्ष ठेवावे व पोलिसांना कळवावे.'

नदीपलीकडची माणसं आमच्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या होती. गवंडी, सुतार, परिचारिका, शिक्षक. बॉम्ब ठेवणारी टोळी तिकडची असल्याचं सगळीकडे बोललं जात होतं.

मावशीने तिथेच, साहेबांसमोर, माइक सुरू केला. पूर्ण सूचना वाचली, शेवटचं वाक्य सोडून. आणि माइक बंद केला.

"एक वाक्य राहिलं," साहेब म्हणाले.

"राहिलं नाही. सोडलं."

"बाई, तुमच्या घरातलं माणूस गेलंय. तुम्हाला तरी कळायला हवं."

"म्हणूनच कळतंय. साहेब, त्या दिवशी मी म्हटलं मागे फाटक उघडं आहे, तर लोकांनी एकही प्रश्न न विचारता ऐकलं. का ऐकलं? ही बाई उगाच काही सांगत नाही म्हणून. आता याच तोंडाने मी सांगू, की शेजारी बसलेली नर्स तिच्या आईशी फोनवर बोलतेय म्हणून पोलीस बोलवा? उद्या खरंच काही झालं तर माझं ऐकेल कोण?"

"हा वरचा आदेश आहे."

"मग वरच्यांनी येऊन वाचावं. खुर्ची देते."

आगारप्रमुख कोपऱ्यात उभे राहून कपाळ पुसत होते. त्यांच्या निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते आणि ते सुखरूप पार पडावेत एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांनी तोडगा काढला. ते वाक्य संध्याकाळच्या पाळीचा निवेदक वाचेल, मावशीने आपल्या पाळीत उरलेली सूचना वाचावी. तो निवेदक भला माणूस होता, घरी खाणारी तोंडं होती. खाली मान घालून तो वाचायला लागला.

घरी मात्र आईने मावशीला फैलावर घेतलं.

"एक वाक्य वाचलं असतंस तर तुझी जीभ झिजली असती का?"

"झिजली असती."

"यांना मारलं त्यांनी, ताई! आणि तुला त्यांचा पुळका!"

"ज्यांनी मारलं त्यांना पकडून माझ्यासमोर आण. बघ मी काय करते. पण ते सापडेपर्यंत दिसेल त्याला बडवायचं, हे मला जमणार नाही."

आईने ताट बाजूला सारलं. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं. मीठ हवं असलं तरी निरोप माझ्यामार्फत. मला खरं तर आईचं पटत होतं. बाबांची चप्पल अजून दाराशीच होती, ती उचलायची कुणाची हिंमत नव्हती. आणि मावशी नियम सांगत बसली आहे, असं मला वाटायचं.

दोन नंबरच्या फलाटाशी एक चहावाला होता. त्याला सगळे कपबशी म्हणत, कारण त्याच्याकडे बशीशिवाय कप मिळायचा नाही. तो नदीपलीकडचा. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं चांगलं फार नव्हतं. चहा पाणचट, तोंड फटकळ. मावशीशी त्याचं वर्षानुवर्षं वाकडं. ती म्हणायची, "हा दुधाला नुसतं पाणी दाखवत नाही, पोहायला शिकवतो." त्यावर तो म्हणायचा, "तुमच्या आवाजानेच फाटतं माझं दूध."

स्फोटाच्या दिवशी कपबशीने टपरी लवकर बंद केली होती. नवी सूचना सुरू झाल्यावर कुणाला तरी ते आठवलं. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने चौघांना. एका सकाळी टपरीभोवती पन्नास-साठ माणसं जमली. मावशी वरून बघत होती. आधी कप फुटले. मग शेगडी उलटी झाली. मग कपबशीची गचांडी धरून एकाने त्याला बाहेर ओढलं.

मावशीने माइक सुरू केला.

"दोन नंबरच्या फलाटावर चहाच्या टपरीशी जमलेल्या प्रवाशांनी लक्ष द्यावे. हात खाली घ्या."

लोकांनी चमकून वर पाहिलं.

"पिवळा शर्ट, तुम्ही. हातातला बांबू खाली ठेवा. चौकटीची पिशवी घेतलेल्या बाई, तुम्ही तर रोज नऊच्या गाडीने जाता, तुमच्या मुलाला मी दोनदा शोधून दिलंय. मी इथून सगळ्यांना बघते आहे. उद्या साक्ष द्यायची वेळ आली तर एकेकाला ओळखीन. त्या माणसावर संशय असेल तर पोलीस चौकी चार नंबरसमोर आहे. तिथे जाऊन स्वतःच्या नावानिशी सांगा. आता हात खाली."

पिवळ्या शर्टाच्या पायाशी बांबू पडला. बाईंनी तोंडावर पदर घेतला. गर्दी मागच्या मागे पातळ व्हायला लागली. तोवर पोलीस आले आणि त्यांनी नेलं कुणाला, तर कपबशीला. चौकशीसाठी. ज्यांनी टपरी फोडली त्यांना घरी जाऊ दिलं.

दुपारपर्यंत मावशीच्या हातात निलंबनाचा कागद होता. माइकचा गैरवापर.

ती घरी आली, पाणी प्यायली आणि परत पायात चपला घालायला लागली. मी विचारलं कुठे, तर म्हणाली, "ठाण्यावर. तू येतेस?"

तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की नाही म्हणवेना.

ठाण्यात एक वयस्कर निरीक्षक होते, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, टेबलावर थंड झालेला चहा. मावशीने सरळ विचारलं, "त्याच्याविरुद्ध पुरावा काय आहे?"

"टपरी लवकर बंद केली."

"का केली, विचारलंत?"

"दाढ दुखत होती म्हणतो."

"मग दाताच्या डॉक्टरला विचारलंत?"

निरीक्षकांनी थंड चहाचा कप बाजूला सरकवला. मावशी म्हणाली, "मी विचारून येते." आणि खरोखरच गेली. दातांचा डॉक्टर स्थानकामागच्या गल्लीतच होता. त्या दुपारी कपबशी त्याच्या खुर्चीत तोंड वासून बसला होता, स्फोटाचा हादरा बसला तेव्हा चिमटा डॉक्टरच्या हातातून पडला होता. "इतका ओरडला की मला वाटलं दाढेमुळेच स्फोट झाला," डॉक्टर म्हणाला. मावशीने त्याला एप्रनसकट ठाण्यावर आणलं.

निरीक्षकांनी त्याचा जबाब नोंदवून घेतला. मग दार लोटून खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, तो नाही हे मलाही दिसतंय. पण वरून सांगितलंय की माणूस मिळाला म्हणून जाहीर करा. नवा कायदा येतोय, तोवर राहू दे आत. माझी निम्मी माणसं दुसऱ्या कामाला लावली आहेत."

"म्हणजे शोध थांबवला?"

निरीक्षकांनी हवालदाराला हाक मारली आणि आम्हाला आत सोडायला सांगितलं. कपबशीला आत भेटायला मिळालं तेव्हा त्याचा एक कान सुजून लाल झाला होता. मावशीला बघून तो म्हणाला, "तुम्ही कशाला आलात? इथे तरी जरा शांतता होती." आणि मग भिंतीकडे तोंड करून रडायला लागला.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. निरीक्षक काय म्हणाले तेही. मला वाटलं ती कपबशीच्या कानाबद्दल विचारेल. तिने तिसरंच विचारलं.

"शोध थांबवला?"

"जवळजवळ."

आई उठली आणि कितीतरी दिवसांनी मावशीसमोर जाऊन उभी राहिली. "ताई, खरं सांग. शोध थांबवलाय?"

"हो."

"म्हणजे ज्याने यांना मारलं तो कुठेतरी आरामात जेवतोय, आणि हे मला एक चहावाला दाखवून गप्प करणार?"

"तसंच."

आईचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. दुःखात ती पांढरी पडली होती, आता लाल झाली. "बघतेच मी," ती म्हणाली.

नव्या कायद्यावर नगरभवनात जाहीर सुनावणी होती. पुराव्याशिवाय, खटल्याशिवाय वर्षभर कुणालाही आत ठेवता येईल असं कलम त्यात होतं. मृतांच्या घरच्यांना पहिल्या रांगेत बसवलं होतं आणि आईला बोलायचं आमंत्रण होतं. कायद्याच्या बाजूनेच बोलणार असं सगळे धरून चालले होते. तेच सुरक्षा खात्याचे साहेब तिला हात धरून व्यासपीठावर घेऊन गेले.

आई कधी चार माणसांत बोललेली नव्हती. माइक तिच्या तोंडापासून लांब होता. मागच्या रांगेतून मावशी ओरडली, "जवळ घे तो!" सभागृहात थोडं हसू उमटलं. आईने माइक ओढून घेतला.

"माझ्या नवऱ्याला ज्याने मारलं त्याला मी माफ केलेलं नाही," ती म्हणाली. "करणारही नाही. तो मला हवाय. तोच. त्याच्यासारखा बोलणारा दुसरा नको. माझे मिस्टर चष्मे करायचे. माणूस दिसत नाही म्हणून कितीही घायकुतीला आला असला तरी अंदाजाने कुणाच्या नाकावर भिंग ठेवत नव्हते. तुम्ही अंदाजाने माणसं आत घालताय. एक निरपराध माणूस कोंडलात की खऱ्याला कुणी शोधतच नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. हा कायदा माझ्या नावाने करू नका. माझ्या नवऱ्याच्या फोटोखाली तर मुळीच करू नका. तो फोटो मी तुम्हाला दिलेला नाही, काढा तिथून."

व्यासपीठामागे अकराही जणांचे मोठे फोटो लावले होते. साहेब हसल्यासारखं करून म्हणाले, "ताई दुःखात आहेत."

"दुःखात आहे, बधिर नाही," आई म्हणाली. "काढा म्हटलं ना."

कुणी हललं नाही. तेव्हा आईने खुर्ची ओढली, तिच्यावर चढली आणि बाबांचा फोटो स्वतः उतरवला. खाली एकजण "गद्दार!" म्हणून ओरडला. मावशी ताडकन उभी राहिली आणि तिने त्या माणसाला असं काही सुनावलं, की तिच्यापुढे माइक नसल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नसेल. पहिल्या रांगेतला एक म्हातारा, ज्याची नात गेली होती, काठी टेकत पुढे आला. म्हणाला, "माझ्या पोरीचाही द्या काढून." सगळ्यांनी काढले नाहीत. चार फोटो उतरले, सात तसेच राहिले. ज्यांचे राहिले त्यांतल्या एका बाईने जाताना आईशी बोलायचं टाळलं, आणि ती आजही बोलत नाही.

कायदा झालाच. पण खटल्याशिवाय कोंडण्याचं कलम गळलं. नवी सूचनाही बदलली. शेवटचं वाक्य गेलं, कधी गेलं ते कुणी जाहीर केलं नाही. मावशीच्या निलंबनाविरुद्ध चालक-वाहकांनी आगारप्रमुखांच्या दाराशी ठिय्या दिला. त्यांनी घाबरून तिला ताकीद देऊन परत घेतलं. कपबशी सुटला. त्या कानाने त्याला पुन्हा नीट ऐकू आलं नाही. टपरी फोडणाऱ्यांपैकी पिवळ्या शर्टाचा माणूस एकदा नवे कप घेऊन आला होता, कपबशीने ते घेतले नाहीत. मावशीने त्याला घे असं सांगितलं नाही. "तुझा कान, तुझा हिशोब," म्हणाली.

पुढच्या वर्षी त्याच निरीक्षकांनी खरे लोक पकडले. पिशवीच्या जळक्या चेनपासून ते दुकानापर्यंत, दुकानापासून भाड्याच्या खोलीपर्यंत पोचले. तिघे होते. दोघे नदीपलीकडचे, तिसरा आमच्याच भाषेतला, गाडी चालवणारा. शेजारचे काका मावशीला म्हणाले, "बघा, शेवटी तिकडचेच निघाले."

"दोन निघाले," मावशी म्हणाली. "मी ते दोन नाहीत असं कधी म्हटलं होतं?"

खटला उघड्या न्यायालयात चालला. आरोपींनाही वकील होता. तो उलटतपासणी घ्यायला उठला की आई ओठ चावत बसायची. एकदा मधल्या सुट्टीत ती मावशीला म्हणाली, "त्या वकिलाचं तोंड बघवत नाही मला."

"नको बघूस. पण बोलू दे त्याला. उद्या कुणी म्हणायला नको की गुपचूप उरकलं."

तिघांनाही जन्मठेप झाली. निकाल वाचताना त्यातला एकजण आमच्याकडे बघून हसला. आईने नजर खाली घेतली नाही. तोच आधी दुसरीकडे बघायला लागला.

दुकान आता आई चालवते. ती रोज दुपारी सहा नंबरवरून बस पकडते. मावशी निवृत्त झाली आहे, म्हणजे घरातल्या भांडणांना तिला पूर्ण वेळ मिळतो. बाबा गेल्यावर तिच्यासमोर उभं राहणारं कुणी उरलं नव्हतं, ती जागा आईने घेतली. परवाच जेवताना विषय निघाला. आई म्हणाली, "काहीही म्हण, ताई, त्यांना फाशीच व्हायला हवी होती."

"नको होती. आयुष्यभर भिंत बघत बसू दे."

"तुझं नेहमीचंच."

"आणि तुझं काय नवीन आहे?"

दोघींचा आवाज चढला. शेजारच्या काकांनी खिडकी लावून घेतली. मी आईला भाजी वाढली, मावशीला पोळी वाढली, आणि कुणाचं बरोबर आहे ते मला अजून ठरवता आलेलं नाही. "तू बोल की," आई मला म्हणाली, "नुसती ऐकत काय बसलीस?"

मग मीही बोलायला लागले.